चिकटतात, पण अडवतात का?

एचआयव्हीच्या नेहमीच्या तपासणीत विषाणू शोधलाच जात नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात रक्त घेऊन तीनपर्यंत वेगवेगळ्या किटवर जे पाहतात, त्या असतात विषाणूच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी. त्या सापडल्या की माणूस पॉझिटिव्ह. कोविडनंतर हे समजावणं आणखी अवघड झालं, कारण तोवर घरोघरी अँटीबॉडी म्हणजे कमावलेली दौलत झाली होती. माझ्या मावशीने तर सरळच विचारलं होतं, "अगं, अँटीबॉडी आल्यात ना त्यांच्यात? मग ते बरे का होत नाहीत?"

तिचा प्रश्न रास्त होता. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीला लागले तेव्हा माझ्या वाट्याला कामही त्याच प्रश्नाचं आलं. बाधित माणसाच्या रक्तातल्या अँटीबॉडी विषाणूला पेशीत शिरू देत नाहीत का, आणि अडवत असतील तर कोणत्या विषाणूला, किती पातळ केल्यावरही अडवतात, हे मोजायचं. या चाचणीला न्यूट्रलायझेशन ॲसे म्हणतात. कागदावर ती दीड पानाची आहे. हातात बसायला फार वेळ गेला.

सुरुवातीला अँटीबॉडीचं नावही नव्हतं. फक्त पेशी वाढवायच्या. टीझेडएम-बीएल नावाच्या या पेशी मूळच्या हेला पेशींच्या वंशातल्या. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन कृष्णवर्णीय बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली, त्यांना न विचारता घेतलेल्या. त्या बाई त्याच वर्षी गेल्या, पेशी अजून जगभर वाढताहेत. एचआयव्हीला हेला पेशीत शिरता येत नाही, म्हणून त्यांच्यावर सीडी४ आणि सीसीआर५ ही विषाणूला लागणारी दोन दारं बसवलेली आहेत. शिवाय आत काजव्याचं जनुक घातलेलं आहे. विषाणू आत शिरला, त्याचं टॅट हे प्रथिन तयार झालं, की ते जनुक चालू होतं आणि लुसिफरेज बनतं. मग योग्य ते द्रव्य घातलं की पेशी प्रकाश देतात. जितका संसर्ग जास्त तितका उजेड जास्त. डोळ्यांना काही दिसत नाही, यंत्राला दिसतं.

पेशी वाढवणं हे माणसाला शिस्त लावणारं काम आहे. सुट्टी नाही, सण नाही. दिवाळीत घरी जायचं तर पेशी कोण पास करणार, म्हणजे विरळ करून नव्या भांड्यात कोण हलवणार, हे आधी ठरवावं लागतं. फार दाट झाल्या तर बिघडतात, फार विरळ ठेवल्या तर रुसतात. ऑटोक्लेव्ह सांभाळणारे मामा सकाळी आले की आधी विचारायचे, "काय, बुरशी लागली नाही ना?" पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून आमच्याकडे एक अलिखित नियम होता. मंगळवारी चाचणीची प्लेट लावायची नाही, कारण तिचा उजेड अठ्ठेचाळीस तासांनी मोजायचा असतो आणि तेव्हा गुरुवार येतो. फ्रीझर जनरेटरवर होते, पण प्रकाश मोजणारं यंत्र मध्येच बंद पडलं तर ती प्लेट गेली.

खरा विषाणू आम्ही वाढवत नव्हतो. छद्मविषाणू बनवायचो. २९३टी नावाच्या पेशींमध्ये दोन प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळं, एकत्र सोडायचे. एकात एचआयव्हीचा बाकी सगळा संसार, पण बाहेरचं आवरण नाही. दुसऱ्यात फक्त आवरणाचं जनुक, ज्या रुग्णाच्या विषाणूचं हवं त्याचं. दोन दिवसांनी वरच्या द्रवात विषाणूसारखे कण मिळतात. ते पेशीत एकदा शिरतात, पण पुढची पिढी काढू शकत नाहीत, कारण आवरणाचा आराखडा त्यांच्या पोटात नसतोच. घरी हे सांगितल्यावर आईचा जीव जरा भांड्यात पडला. वडील मात्र नातेवाइकांना "ती लसीवर काम करते" एवढंच सांगत राहिले. ते अगदी खरं नव्हतं, पण फार खोटंही नव्हतं.

आता खरी चाचणी. रुग्णाचं सिरम किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातून पेशी काढल्यावर उरणारा द्रव, छप्पन्न अंशांवर तापवून घ्यायचा, म्हणजे त्यातली जंतूंवर हल्ला करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिनं निकामी होतात. मग शहाण्णव खड्ड्यांच्या प्लेटमध्ये तो वीसपट पातळ करून सुरुवात करायची आणि प्रत्येक पुढच्या खड्ड्यात तिप्पट पातळ करत न्यायचं. एका रांगेत नुसत्या पेशी, एका रांगेत पेशी आणि विषाणू. बाकीच्यांत मोजून विषाणू घालायचा, तासभर सदतीस अंशांवर ठेवायचं. या तासात अँटीबॉडीला जे करायचं ते करायची संधी असते. मग दर खड्ड्यात दहा हजार पेशी, आणि दोन दिवस थांबायचं. उजेड निम्मा झाला ती पातळी म्हणजे आयडी५०. सिरम हजारपट पातळ केल्यावरही उजेड निम्माच येत असेल तर अँटीबॉडी जोरदार. वीसपटीलाही काही फरक नाही, तर त्या विषाणूपुरत्या त्या नसल्यात जमा.

आमच्यात एक सिनियर होती, तिला सगळे ताईच म्हणायचे. तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "पिपेट शिकायला महिना लागतो. कडेच्या खड्ड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे शिकायला वर्ष लागतं." कडेचं पाणी जास्त उडतं, पेशी सुकतात, उजेड कमी होतो आणि वाटतं अँटीबॉडीने काम केलं. म्हणून रुग्णाचे नमुने आतल्या बाजूला ठेवायचे.

रुग्णांचे पहिले नमुने आले तेव्हा मी आधी एलायझा केला होता. जीपी१२० हे आवरणाचं प्रथिन प्लेटवर चिकटवून त्यावर सिरम घालायचं आणि किती अँटीबॉडी चिकटल्या ते रंगावरून बघायचं. रंग असा आला की यंत्राची कमाल मर्यादा ओलांडून गेला. सिरम हजारो पट पातळ केलं तरी रंग होताच. इतक्या अँटीबॉडी असतील तर न्यूट्रलायझेशनही दणदणीत येणार असं वाटणं स्वाभाविक होतं. एमडब्ल्यू९६५ नावाच्या मलावीतल्या सी उपप्रकाराच्या विषाणूवर तसं आलंही. रेषा सुंदर, वळण अगदी पाठ्यपुस्तकातलं.

मग माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आता आपले लावून बघ." आपले म्हणजे भारतातल्या, नुकतीच लागण झालेल्या रुग्णांकडून घेतलेली सी उपप्रकाराची आवरणं. त्यांतलं २५७१० हे आता जगभर वापरल्या जाणाऱ्या बारा विषाणूंच्या संचातही आहे. त्या प्लेटवर बहुतेक सिरम सपाट पडली. वीसपट, साठपट, काही फरक नाही. अँटीबॉडी त्याच, माणूस तोच, उपप्रकारही तोच. विषाणू मजेत शिरत होता.

एमडब्ल्यू९६५ हा सोपा विषाणू. त्याचं आवरण सैल असतं, व्ही३ नावाचा फास उघडा पडलेला असतो. ज्याच्या त्याच्या सिरमला तो सापडतो. आम्ही त्याला टियर १ म्हणतो. माणसांत खरोखर फिरणारे बहुतेक विषाणू टियर २, घट्ट मिटलेले. सोप्या विषाणूवरचे निकाल पाहून एखाद्या लसीचं कौतुक झालं की मला अजूनही आधी विषाणू कोणत्या टियरचा होता तो रकाना शोधावासा वाटतो.

हे असं का होतं ते मला वाचून कळलं होतं, पण आकडे समोर आल्यावर पटलं. एचआयव्हीच्या पृष्ठभागावर आवरणाच्या प्रथिनांचे काटे मोजके, सरासरी चौदाच्या आसपास. फ्लूच्या विषाणूवर काहीशे असतात. अँटीबॉडीला दोन हात असतात, आणि दोन्ही हातांनी पकडलं तर पकड कितीतरी पटींनी घट्ट होते. पण काटे इतके विरळ असले की दुसऱ्या हाताला धरायला काही सापडत नाही. शिवाय जीपी१२०च्या वजनात जवळपास निम्मा वाटा साखरेचा आहे, आणि ही साखर आपल्याच पेशींनी चढवलेली असल्यामुळे रोगप्रतिकारशक्तीला ती परकी वाटत नाही. प्रथिनाचा नाजूक भाग तिच्याखाली झाकलेला. त्यातून उरलेला उघडा भाग सतत बदलत राहतो, तो वेगळाच.

त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे मोडके काटे. विषाणू बनवताना बरेच काटे अर्धवट किंवा तुटलेले तयार होतात. जीपी१२० गळून पडतं, काट्याच्या बुडाशी असलेल्या जीपी४१ या प्रथिनाचे खुंट उरतात. शरीर यांच्याविरुद्ध भरभरून अँटीबॉडी बनवतं. लागण झाल्यावर सगळ्यात आधी ज्या अँटीबॉडी दिसतात त्या जीपी४१ विरुद्धच्या, आणि त्यातल्या कित्येक आतड्यातल्या जिवाणूंनाही चिकटतात असं आढळलंय. म्हणजे मुळात दुसऱ्याच कुणासाठी घडवलेल्या, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी या गडबडीत पुढे येतात. एलायझातला तो भडक रंग यातूनच येतो. तपासणीसाठी या अँटीबॉडी उत्तम, रोग ओळखायला त्यांचाच आधार. संसर्ग अडवायला मात्र त्यांचा उपयोग जवळजवळ नाही, कारण ज्या काट्याने विषाणू आत शिरतो त्याला त्या चिकटतच नाहीत.

मावशीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गर्दी आहे, कामाचं कुणी नाही." यापेक्षा कमी शब्दांत मला अजून सांगता आलेलं नाही.

पुढच्या नमुन्यांत उलटाच प्रकार झाला. काही सिरम सगळ्याच विषाणूंना लोळवत होती. आपले, आफ्रिकेतले, अमेरिकेतल्या बी उपप्रकाराचे, काही वाचत नव्हतं. असा सगळ्यांना अडवणारा नमुना सापडावा म्हणून लोक वर्षानुवर्षं शोधत असतात. दिल्लीच्या एम्समधल्या गटाला एका बाधित लहान मुलाच्या रक्तात तसा सापडला आणि त्यातून त्यांनी एम्स-पी०१ ही अँटीबॉडी वेगळी काढली, हे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ होतं. माझ्या प्लेटकडे बघून प्रयोगशाळेत थोडी कुजबुज झाली. मॅडमनी फक्त एकच विचारलं, "एमएलव्ही काय म्हणतोय?"

एमएलव्ही हा उंदराच्या रक्तकर्करोगाचा विषाणू. त्याचं आवरण एचआयव्हीच्या सांगाड्यावर चढवून एक कंट्रोल ठेवायचा असतो. एचआयव्हीच्या आवरणाविरुद्धची अँटीबॉडी त्याला हातही लावू शकत नाही. तोही अडत असेल तर अडवणारी वस्तू अँटीबॉडी नाही, दुसरंच काहीतरी आहे. त्या नमुन्यांत एमएलव्हीसुद्धा साफ अडत होता. कारण सरळ होतं. ती माणसं औषध घेत होती. आता पहिल्या फळीच्या एका गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर असतात. ती रक्तात असतात, रक्ताबरोबर प्लेटमध्ये येतात आणि विषाणू पेशीत शिरल्यावर पुढचं काम बंद पाडतात. उजेड नाहीच. औषध किती चोख आहे याचा तो पुरावा होता, अँटीबॉडीचा नव्हता.

अशा नमुन्यांतून आयजीजी (रक्तात सगळ्यात जास्त असणारा प्रकार) अँटीबॉडी प्रोटीन जीच्या स्तंभातून वेगळ्या काढून, धुऊन, मग चाचणी करावी लागते. वेगळ्या काढल्यावर त्यातले जवळपास सगळे चमत्कार विरले. असाच घोळ हेपॅरिनने होतो. हिरव्या बुचाच्या नळीत रक्त घेतलं की त्यातलं हेपॅरिन स्वतःच विषाणूला अडवतं. त्यामुळे नमुना घेणाऱ्या केंद्रांना "जांभळं बूच, जांभळं बूच" असं बजावून सांगणं हे माझ्या पीएचडीचं अनधिकृत प्रकरण झालं.

आणि मग आला तो भाग ज्यासाठी मी या विषयात टिकले.

आमच्याकडे जुने साठवलेले नमुने होते. भारतात २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध, असं धोरण आहे. त्याआधी विषाणू ज्यांना मारतो त्या सीडी४ पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय औषध सुरू होत नसे. त्या काळात काही जणांनी संशोधनासाठी दर काही महिन्यांनी रक्त दिलं होतं, संमतीपत्रावर सही करून. एकाच माणसाचे, औषधाविना, एकामागून एक नमुने. आज असे नमुने मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत, कारण माणसाला औषधावाचून ठेवणं आता गुन्हाच ठरेल. ते वापरताना मला दरवेळी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. नळीवर नाव नसतं, कोड असतो. तरी शेवटची तारीख बघून पुढे काय झालं असेल असा विचार येतोच.

काम असं होतं. प्रत्येक वेळच्या रक्तातून त्या वेळच्या विषाणूचं आवरण वेगळं काढायचं, त्याचा छद्मविषाणू बनवायचा. मग प्रत्येक वेळचा विषाणू प्रत्येक वेळच्या प्लाझ्मासमोर उभा करायचा. आडवे विषाणू, उभा प्लाझ्मा, मध्ये चौकटी. अमेरिकेतल्या दोन गटांनी २००३ साली हे दाखवलं होतं आणि निकाल काय येणार हे मला माहीत होतं. तरी स्वतःच्या हाताने भरलेल्या चौकटींत ते उमटताना पाहणं वेगळं.

पहिल्या वेळचा प्लाझ्मा पहिल्याच वेळच्या विषाणूला अडवत नव्हता. पुढच्या खेपेचा प्लाझ्मा त्या पहिल्या विषाणूला छान अडवत होता, पण स्वतःच्या वेळच्या विषाणूला नाही. त्याच्या पुढचा प्लाझ्मा मागच्या दोघांनाही अडवत होता, समोरच्याला नाही. चौकटीत तिरका जिना तयार झाला. जिन्याच्या एका बाजूला सगळे आकडे, दुसऱ्या बाजूला शून्य. धावत स्वारगेटला पोहोचावं तर एसटी कात्रजला गेलेली, कात्रज गाठावं तर ती खेड शिवापूरला. या माणसाच्या अँटीबॉडी चांगल्या होत्या. त्या दरवेळी नव्याने, नेमक्या बनत होत्या. फक्त त्या बनेपर्यंत विषाणू तिथे राहिलेला नसायचा.

आवरणांचे क्रम शेजारी शेजारी ठेवल्यावर विषाणूने काय केलं तेही दिसलं. एका ठिकाणची साखर एका खेपेला नाहीशी झाली आणि चार अमिनो आम्लं पलीकडे नवी आली. साखरेची पूर्ण चादर न बदलता फक्त एक घडी सरकवली. त्याच घडीवर पुढच्या अँटीबॉडी येऊन अडखळल्या. मी ती सरकलेली साखर कृत्रिमरीत्या जुन्या जागी परत बसवली तेव्हा त्याच विषाणूला तोच प्लाझ्मा पुन्हा अडवू लागला. प्रयोगशाळेत इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो.

यातून एक गोष्ट मला नीट कळली. "अँटीबॉडीचा परिणाम होत नाही" हे वाक्य चुकीचं आहे. परिणाम होतो म्हणूनच विषाणूला बदलावं लागतं. अँटीबॉडीचा दाब नसता तर ती साखर जागची हललीच नसती. रुग्णाला मात्र त्याचा फायदा होत नाही, कारण शरीरातला विषाणूंचा साठा इतका मोठा आणि इतका वेगवेगळा असतो की त्यातला कुणीतरी निसटतोच. याच अँटीबॉडी आधीपासून तयार असतील आणि बाहेरून येणारे विषाणू थोडे असतील तर हिशेब बदलू शकतो. लसीवर सगळी आशा आहे ती या फरकावर.

अधूनमधून एखाद्या खड्ड्यात उजेड विषाणूच्या कंट्रोलपेक्षाही जास्त यायचा. अडवण्याची टक्केवारी उणे. सिरम घातल्यावर संसर्ग वाढला! अँटीबॉडी विषाणूला मदत करू शकतात का, हा प्रश्न या क्षेत्रात जुना आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस काही प्रयोगांत, कॉम्प्लिमेंट शाबूत ठेवलं तर अँटीबॉडीमुळे पेशींमधला संसर्ग वाढतो असं दिसलं होतं. डेंग्यूमध्ये असं घडतं हे आपल्याकडे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. एचआयव्हीत, माणसांत, डेंग्यूसारखं काही घडतं याचा पक्का पुरावा नाही. माझ्या प्लेटवरचे उणे आकडे बहुतेक वेळा पेशींच्या कमीजास्त संख्येचे निघाले. सिरममधली पोषक द्रव्यं पेशींना मानवतात आणि त्या जरा जास्त वाढतात, एवढंच. थोडे आकडे तसे निघाले नाहीत. ते तक्त्यात जसे आले तसे ठेवले, ताणून अर्थ काढला नाही.

पण सगळ्याच अँटीबॉडी एका दिशेने काम करत नाहीत याचा माणसांतला दाखला आहे, आणि तो मोठ्या चाचणीतला आहे. थायलंडमधली आरव्ही१४४. सोळा हजारांहून जास्त लोक, २००९ साली निकाल, संरक्षण ३१.२ टक्के. लस म्हणून कमी, पण एचआयव्हीत तोवर कुणाला तेवढंही मिळालं नव्हतं. २०१२ साली त्या लोकांचं रक्त तपासलं तेव्हा गंमत निघाली. घट्ट विषाणूंना अडवणाऱ्या अँटीबॉडी त्यांच्यात जवळपास नव्हत्याच. आवरणाच्या व्ही१-व्ही२ भागाला चिकटणाऱ्या आयजीजी ज्यांच्यात जास्त, त्यांना लागण कमी. आणि रक्तात आवरणाविरुद्धच्या आयजीए या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडी जास्त असलेल्या लस घेतलेल्यांना, आयजीए कमी असलेल्यांपेक्षा लागण जास्त. एक तर्क असा की आयजीजी विषाणूग्रस्त पेशीला चिकटून मारेकरी एनके पेशींना बोलावते, आणि आयजीए तीच जागा अडवून बसते. म्हणजे मी ज्यांना कुचकामी म्हणत होते त्या नुसत्या चिकटणाऱ्या अँटीबॉडीही शेपटीच्या टोकाने काही काम करत असतील. माझ्या काजव्याच्या पेशींना ते दिसणंच शक्य नव्हतं. तिथे एनके पेशी नाहीत. या चाचणीवर विसंबून राहणाऱ्यांनी हे वर्षातून एकदा तरी स्वतःला सांगावं.

अर्थात त्याच पद्धतीची, दक्षिण आफ्रिकेतल्या विषाणूंसाठी बेतलेली लस तिथे दिली, तेव्हा काहीच संरक्षण मिळालं नाही आणि २०२०च्या फेब्रुवारीत ते लसीकरण थांबवावं लागलं. आमच्या जर्नल क्लबमध्ये त्या दिवशी चहा होता, चर्चा नव्हती.

अँटीबॉडी खरंच अडवतात का, याचं सगळ्यात सरळ उत्तर ज्या चाचणीने दिलं ती लसीची नव्हती. व्हीआरसी०१ ही एका बाधित माणसाच्या रक्तातून काढलेली, २०१० साली प्रसिद्ध झालेली अँटीबॉडी. सीडी४ जिथे बसतो त्याच खाचेत ती बसते, आणि प्रयोगशाळेत सुमारे ९० टक्के विषाणूंना अडवते. एएमपी नावाच्या दोन चाचण्यांत आफ्रिकेत आणि अमेरिका खंडांत ४,६०० हून जास्त लोकांना ती किंवा प्लासिबो दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून दिली. निकाल २०२१ साली आला. एकूण संरक्षण सिद्ध झालं नाही. पण लागण झालेल्यांचे विषाणू आमच्यासारख्याच प्लेटवर तपासले, तेव्हा थोड्याशा व्हीआरसी०१नेही अडणाऱ्या विषाणूंपासून सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाल्याचं दिसलं. दुर्दैवाने फिरत असलेल्या विषाणूंपैकी असे अडणारे जेमतेम ३० टक्केच होते. माझ्या मते या क्षेत्रातला गेल्या वीस वर्षांतला हा सगळ्यात कामाचा आकडा आहे. टीझेडएम-बीएलच्या खड्ड्यातला आकडा माणसाच्या शरीरातल्या संरक्षणाशी जुळतो, आणि प्रयोगशाळेत नुसतं अडणं पुरेसं नाही, फार थोड्या अँटीबॉडीने अडायला हवं, हे पहिल्यांदा कळलं.

एकदा एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, नमुन्यांच्या नोंदी जुळवायला गेले होते. समुपदेशक ताईंच्या टेबलाजवळ एक बाई बसल्या होत्या, त्यांच्या नातीची तपासणी अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरलेल्या. ताई त्यांना शांतपणे सांगत होत्या की बाळाच्या रक्तात आईच्याच अँटीबॉडी उतरलेल्या असतात, दीड वर्षापर्यंत त्या राहू शकतात, म्हणून बाळाच्या विषाणूची पीसीआर वेगळी केलीय आणि ती निगेटिव्ह आहे. आजीबाईंनी मला विचारलं, "मग त्या आईच्या अँटीबॉडींनी वाचवलं का बाळाला?" मी सांगितलं, बाळाला वाचवलं ते सुनेने वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी. अँटीबॉडीचा वाटा किती, यावर अजून अभ्यास चालू आहेत. हे उत्तर त्यांना फारसं आवडलं नाही. औषधाचं श्रेय त्यांना कमी वाटलं असावं, रक्ताच्या नात्याचं जास्त हवं होतं.

शेवटी एक नमुना खरोखर निघाला. औषधापूर्वीचा, जांभळ्या बुचाचा, एमएलव्हीला हात न लावणारा, आणि २५७१०सकट संचातल्या बहुतेक विषाणूंना अडवणारा. चाचणी आमच्या सिनियर ताईने आंधळेपणाने, म्हणजे कोड झाकून, पुन्हा लावली. तिलाही तेच आलं. आयजीजी वेगळी काढून तेच आलं. मग अँटीबॉडी कुठे चिकटते ते शोधायला एकेक साखर काढून टाकलेले विषाणू लावले. ३३२ क्रमांकाची साखर काढली की तिचा बराचसा जोर जातो, म्हणजे व्ही३च्या पायथ्याशी ती बसत असणार. पूर्ण जोर जात नाही, म्हणजे एकापेक्षा जास्त प्रकारच्या असाव्यात.

पुढची पायरी म्हणजे ती अँटीबॉडी बनवणारी बी पेशी शोधून तिचं जनुक काढायचं. त्यासाठी गोठवलेल्या पेशी लागतात. त्या कोडच्या पेशी कुणी साठवल्याच नव्हत्या. तेव्हाच्या अभ्यासाला फक्त प्लाझ्मा हवा होता. प्लाझ्माही आता थोडाच उरलाय. अँटीबॉडीचा क्रम प्लाझ्मातल्या प्रथिनांवरून थेट वाचायची पद्धत आहे, पण तिला यापेक्षा बराच जास्त प्लाझ्मा लागतो. म्हणून मॅडमनी उरलेल्या नळ्यांवर लाल चिकटपट्टी लावली आहे, आणि त्यांच्या सहीशिवाय त्या कुणी वितळवायच्या नाहीत असं रजिस्टरात लिहून ठेवलं आहे. त्या व्यक्तीकडून पुन्हा रक्त मागायचं तर नव्याने संमती आणि नैतिकता समितीची परवानगी लागेल. तो अर्ज सध्या समितीसमोर आहे.